बुद्धिबळाचे शास्त्र आणि ज्यू खेळाडू



बुद्धिबळाच्या जागतिक विजेतेपदाची पहिली अधिकृत लढत १८८६ साली अमेरिकेत झाली. न्यू यॉर्क, सेंट लुई आणि न्यू ऑर्लिन्स या तीन शहरांत खेळल्या गेलेल्या त्या लढतीत विल्हेल्म स्टाइनिट्झने योहानेस त्सुकेरटोर्टला हरवले. १० डाव त्याने जिंकले, ५ गमावले आणि ५ बरोबरीत सुटले. तेव्हापासून १९२१ पर्यंत, सलग ३५ वर्षे, हे पद दोनच माणसांकडे राहिले. एक स्वतः स्टाइनिट्झ आणि दुसरा त्याला १८९४ साली हरवणारा इमॅन्युएल लास्कर. पहिला प्रागच्या ज्यू वस्तीतल्या शिंप्याचा मुलगा, दुसरा प्रशियातल्या बर्लिनशेन नावाच्या लहानशा गावातल्या प्रार्थनागायकाचा. पुढचे विजेते बोट्विनिक आणि ताल हेही ज्यूच होते. नंतरच्या विजेत्यांपैकी फिशरची आई ज्यू होती आणि कास्पारोव्हचे वडील ज्यू होते. १९५३ साली झुरिचला विजेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा झाली, तिच्या पंधरा खेळाडूंत ब्रॉन्स्टाइन, रेशेव्स्की, नायडॉर्फ, गेलर, बोलेस्लाव्स्की असे किमान पाच ज्यू होते. जगाच्या लोकसंख्येत या समाजाचे प्रमाण या सगळ्या काळात एक टक्क्याच्याही आत होते. हे आकडे समोर आले की बहुतेकांच्या तोंडी एक उत्तर तयार असते : ज्यूंचे डोकेच तसे. बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते. तरीही ते उत्तर चुकीचे आहे असे मला वाटते, आणि त्याने या माणसांचे खरे काम झाकले जाते. एकदा श्रेय रक्ताला दिले की मेहनतीला, वादाला, वाचनाला, लिहिण्याला काही उरत नाही. ज्यू खेळाडूंनी बुद्धिबळाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट त्यांची प्रतिभा नव्हे. हा खेळ शिकता आणि शिकवता येणारे शास्त्र आहे, हे त्यांनी दाखवून दिले. ते त्यांच्याच हातून का घडले याची कारणे त्यांच्या इतिहासात, त्यांच्या शहरांत आणि त्यांना बंद असलेल्या दारांत सापडतात. हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

युरोपात कित्येक शतके ज्यू माणसाला बहुतेक ठिकाणी जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या संघात शिरता येत नव्हते, सैन्यात अधिकारी होता येत नव्हते. अठराव्या शतकाच्या मध्यावर बर्लिनमध्ये ज्यूला नुसते राहायलाही परवाना लागे. त्याच बर्लिनमध्ये १७५४ साली मोझेस मेंडेल्सझोन हा तरुण ज्यू विचारवंत आणि गोटहोल्ड लेसिंग हा ख्रिस्ती नाटककार यांची ओळख झाली. मेंडेल्सझोनला लेसिंगपुढे नेण्यात आले ते बुद्धिबळाचा चांगला जोडीदार म्हणून. दोघांची मैत्री पुढे जर्मन प्रबोधनाच्या इतिहासात गाजली, आणि लेसिंगच्या नाटकातला शहाणा नाथान मेंडेल्सझोनवरूनच घडला असे मानतात. हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण या दोघांना बरोबरीने समोरासमोर बसवणारी जागा त्या समाजात फार थोडी होती, आणि बुद्धिबळाचा पट ही त्यांपैकी एक होती. पुढच्या शतकात कॉफीगृहांनी ही जागा सगळ्या शहराला खुली केली. पॅरिसचे काफे द ला रेजांस, लंडनचे सिम्पसन्स, व्हिएन्नातली कॉफीगृहे, इथे एका कॉफीच्या पैशात माणूस दिवसभर बसू शके. समोरचा कोणत्या प्रार्थनामंदिरात जातो हे कुणी विचारत नसे. डाव कसा खेळतो हे सगळे पाहत. स्टाइनिट्झ १८५८ साली गणित शिकायला म्हणून व्हिएन्नाला आला आणि या कॉफीगृहांत पैजेचे डाव खेळून पोट भरू लागला. खेळाला आश्रय देणाऱ्यांतही ज्यू होते. प्रेसबुर्गचा इग्नात्स कोलिश १८६७ च्या पॅरिस स्पर्धेत पहिला आला, नंतर सावकारीत श्रीमंत होऊन बॅरन झाला आणि मोठ्या स्पर्धांना पैसा पुरवू लागला. व्हिएन्नाच्या बुद्धिबळ मंडळाला बॅरन आल्बेर्ट रोथशिल्डचा आधार होता. खेळाडू, जागा, पैसा आणि मासिके एका शहरात जमली की परंपरा उभी राहते. हे सोपे कारण आपण विसरतो.

पण जागा मिळाली म्हणून शास्त्र घडत नाही. ते स्टाइनिट्झने घडवले. तो लंडनला आला तेव्हा अमेरिकन खेळाडू मॉर्फीवरून त्याला ऑस्ट्रियाचा मॉर्फी म्हणत, इतका त्याचा खेळ धाडसी हल्ल्यांचा होता. १८६६ साली त्याने त्या काळच्या सर्वांत नामांकित हल्लेखोराला, आन्डेरसेनला, ८ विरुद्ध ६ असे हरवले. त्या लढतीत एकही डाव बरोबरीत सुटला नाही. पुढे १८७३ च्या व्हिएन्ना स्पर्धेपासून त्याची खेळण्याची रीत बदलली. त्याने स्वतःचे आणि इतरांचे डाव तपासून एक प्रश्न विचारायला सुरुवात केली : हल्ला यशस्वी होतो तो हल्लेखोराच्या प्रेरणेने, की पटावर आधीच झालेल्या एखाद्या बिघाडाने? त्याचे उत्तर असे, की दोन्ही बाजू समतोल असतील आणि बचाव नीट झाला तर हल्ला फसायलाच हवा. म्हणून आधी लहान लहान फायदे गोळा करायचे. प्रतिस्पर्ध्याचे एखादे प्यादे एकटे पडते, एखादे घर असे मोकळे राहते की तिथून आपला घोडा कुणी हुसकू शकत नाही, आपल्याकडे दोन उंट आणि त्याच्याकडे एक. असा फायदा पुरेसा साठला की हल्ला करायलाच हवा, नाहीतर साठलेलेही हातचे जाते. लंडनच्या ‘द फील्ड’ साप्ताहिकातल्या सदरातून, नंतर स्वतःच्या मासिकातून त्याने हे मांडले आणि त्यासाठी समकालीनांशी कडाक्याची भांडणेही केली. त्याच्याआधी कुणीच असा विचार केला नव्हता असे नाही. फ्रान्सच्या फिलिदोरने १७४९ मध्येच प्याद्यांच्या रचनेचे महत्त्व पुस्तकात लिहिले होते. पण सगळ्या खेळाला लागू होणारी, कुणीही तपासून पाहावी अशी मांडणी स्टाइनिट्झची. आज शाळेतल्या मुलाला प्रशिक्षक ‘तुझे हे घर कमजोर झाले’ असे सांगतो, तेव्हा तो या माणसाचेच ज्ञान वापरत असतो.

लास्करने ते ज्ञान पुढे नेले आणि १९२५ च्या आपल्या ग्रंथात स्टाइनिट्झच्या सिद्धान्ताला मानाचे स्थान दिले. ज्याला पटावर हरवले त्याचाच भाष्यकार होणे ही मोठ्या मनाची गोष्ट आहे. लास्कर स्वतः गणितज्ञ होता. एर्लांगेन विद्यापीठाची डॉक्टरेट त्याच्याकडे होती आणि १९०५ साली त्याने सिद्ध केलेले प्रमेय एमी न्योटरने विस्तारल्यावर दोघांच्या नावाने बीजगणितात आजही शिकवले जाते. तरी विद्यापीठात कायमची जागा त्याला मिळाली नाही. बुद्धिबळावरच जगायचे असल्याने तो मानधन घासाघीस करून घेई, आणि त्याबद्दल त्याला लोभी म्हटले गेले. ज्यूंवरच्या जुन्या आरोपाचाच तो सूर होता. स्टाइनिट्झ १९०० साली न्यू यॉर्कमध्ये मनोरुग्णालयात, कफल्लक अवस्थेत वारला, हे लास्करने पाहिले होते. व्यावसायिक खेळाडूला त्याच्या कामाचा मोबदला मिळावा असा आग्रह त्याने धरला, आणि तो धरणे योग्यच होते असे मी म्हणेन.

आता मुख्य आक्षेप. कारणे सामाजिक असतील, पण मुळात बुद्धी आनुवंशिक नसती तर इतकी माणसे एकाच समाजातून कशी आली? या प्रश्नाला पुराव्यानेच उत्तर द्यायला हवे, आणि पुराव्यातला एक भाग महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. अलिबाग-रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल ज्यू शतकानुशतके राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. मराठी ही त्यांची घरची भाषा. कोचीचे ज्यू, इराकचे, येमेनचे, मोरोक्कोचे ज्यू, सगळे त्याच धर्माचे, स्वतःला त्याच पूर्वजांचे मानणारे. तरी आपण ज्यांची नावे घेतो ते खेळाडू जवळपास सगळे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंमधून आले. यावर कुणी म्हणेल की मग त्या युरोपीय शाखेचेच रक्त वेगळे. तर मग वेळेकडे पाहा. हीच शाखा अठराव्या शतकातही तिथेच होती, पण फिलिदोरच्या काळातल्या अग्रगण्य खेळाडूंत त्यांची रांग दिसत नाही. ती रांग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, शहरे आणि कॉफीगृहे खुली झाल्यावर लागली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ओसरू लागली. रक्त दीडशे वर्षांत दोनदा बदलत नाही. शिवाय आपण मोजतो ते चुकीच्या भाजकाने. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान सगळ्या पोलंडमध्ये ज्यू सुमारे दहा टक्के होते, पण बुद्धिबळ खेड्यात बहरत नव्हते. ते वॉर्सा आणि वुच या शहरांत बहरले, आणि तिथे दर तीन माणसांत जवळपास एक ज्यू होता. १९३० च्या हॅम्बुर्ग ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या पोलिश संघात रुबिनस्टाइन, तार्ताकोवर, प्शेप्युर्का, फ्रिडमन आणि माकार्चिक हे पाच जण होते. त्यांतले चौघे ज्यू घराण्यांतले. सगळा पोलंड समोर ठेवला तर हा चमत्कार वाटतो, त्या दोन शहरांची मंडळे समोर ठेवली तर बराचसा समजण्यासारखा होतो. तुलनेला जॉर्जिया घ्या. १९६२ पासून १९९१ पर्यंत महिलांचे जागतिक विजेतेपद त्या छोट्या देशातल्या दोघींकडे, नोना गाप्रिंदाश्विली आणि माया चिबुर्दानिद्झे यांच्याकडे होते. जॉर्जियन बायकांच्या रक्तात बुद्धिबळ आहे असे कुणी म्हणत नाही. तिथे मुलींना शिकवणारी परंपरा होती असेच सगळे म्हणतात. ज्यूंच्या बाबतीत आपण वेगळे माप का लावावे?

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. संधी तर इतर दडपलेल्या समाजांनाही कधी ना कधी मिळाली, मग बुद्धिबळ त्यांनी का उचलले नाही? आक्षेप रास्त आहे; बंद दारे एवढ्याने काही होत नाही. पूर्व युरोपातल्या ज्यू मुलाला अगदी लहान वयात अक्षरे शिकवली जात, गरीब घरातही. पुढे जो धर्मशिक्षणाच्या शाळेत जाई तो जोडीदारासमोर बसून तालमूद या धर्मग्रंथाच्या एकेका वाक्यावर वाद घाले : तू असे म्हणालास तर मी असे म्हणेन. जुगाराला धर्मपंडितांचा विरोध होता, पण पैसे न लावता खेळलेल्या बुद्धिबळाकडे ते बरेच सौम्यपणे पाहत. आकिबा रुबिनस्टाइनला घरच्यांनी धर्मगुरू करायचे ठरवले होते. हा खेळ तो पोरवयाच्या अखेरीस शिकला आणि वुचला जाऊन सराव करून जगातल्या पहिल्या दोनतीन खेळाडूंत पोचला. अर्थात तालमूद शिकलेला मुलगा आपोआप बुद्धिबळपटू होतो असे नाही, आणि तसे म्हणणेही रक्ताच्या उत्तराचेच दुसरे रूप होईल. पुस्तकाची सवय, वादाची सवय, शहर आणि बंद दारे या चारही गोष्टी एका पिढीच्या वाट्याला एकदम आल्या, एवढेच मी म्हणतो.

तिसरा मुद्दा खेळण्याच्या शैलीचा, आणि त्याला एक घाणेरडा इतिहास आहे. मार्च १९४१ मध्ये जर्मनव्याप्त पॅरिसमधल्या एका वर्तमानपत्रात त्या वेळचा जगज्जेता अलेक्झांडर अलेखिन याच्या नावाने एक लेखमाला आली. तिचा आशय असा, की आर्य बुद्धिबळ हल्ल्याचे आणि निर्मितीचे आहे. ज्यू बुद्धिबळ बचावाचे, संधिसाधू, काहीही करून फायदा उकळणारे आहे. युद्धानंतर अलेखिनने त्यातल्या वांशिक मजकुराची जबाबदारी नाकारली, आणि १९४६ मध्ये पोर्तुगालमध्ये तो वारला. मजकूर कुणाचाही असो, तो तपासता येतो, कारण डाव लिहून ठेवलेले आहेत. रुडॉल्फ श्पीलमान हा व्हिएन्नाचा ज्यू, मोहऱ्यांच्या बलिदानावर १९३५ साली स्वतंत्र पुस्तक लिहिणारा, सुरुवातीलाच प्यादे अर्पण करणाऱ्या राजाच्या गॅम्बिटचा शेवटचा मोठा कैवारी. याच माणसाला नाझींपासून पळून स्वीडन गाठावे लागले आणि १९४२ मध्ये तो तिथे दारिद्र्यात मेला. ज्यूच असलेल्या दाविद यानोव्स्कीला हल्ल्याशिवाय काही सुचत नसे. उलट टाराश आणि निम्झोविच हे दोघेही जन्माने ज्यू, पण पटाच्या मध्यावर आपली प्यादी उभी करावीत की दुरून मोहऱ्यांनी ते मध्य ताब्यात ठेवावे यावर दोघांचे हाडवैर. एकाच समाजातून परस्परांचे सिद्धान्त खोडणारी माणसे निघत असतील, तर त्या समाजाची एक शैली कुठून असणार?

एक डाव जरा जवळून पाहू. २६ डिसेंबर १९०७ रोजी वुच शहरात रोटलेव्ही हा खेळाडू पांढऱ्या मोहऱ्या घेऊन रुबिनस्टाइनसमोर बसला. रुबिनस्टाइन म्हणजे शांत खेळाचा, हत्ती-प्याद्यांच्या अंतिम डावांचा आदर्श. अलेखिनच्या नावाच्या त्या लेखांना हवा तसा. विसाव्या चालीला काळ्याचा घोडा पांढऱ्या राजाजवळ येतो, पुढच्या चालीला वजीर पटाच्या कडेला जाऊन मात करण्याची धमकी देतो. पांढरा एक प्यादे पुढे सारून वजिरावरच हल्ला करतो. आता वजीर मागे घेणे हीच कुणालाही सुचणारी चाल. रुबिनस्टाइन वजिराकडे पाहतही नाही. तो एका हत्तीने समोरचा घोडा मारतो आणि वजीर जातो तर जाऊ देतो. वजीर गेल्यावर दुसरा हत्ती तो सरळ पांढऱ्या वजिरासमोर नेऊन ठेवतो, घ्यायचा तर घ्या म्हणून. पांढरा वजीर तो हत्ती घेतो आणि त्यामुळे मधल्या उंटाचे रक्षण सोडून बसतो. काळा उंट तो उंट मारून राजाला शह देतो, वजीर आडवा येतो तो तिथेच जखडला जातो, आणि उरलेला हत्ती राजाजवळच्या प्याद्यासमोर येऊन उभा राहतो. पंचविसाव्या चालीला पांढऱ्याने हार मानली. काळ्याकडे वजीर नव्हता; होते ते एकाच दिशेला रोखलेले दोन उंट. हा डाव कुणाला भित्रा किंवा संधिसाधू वाटत असेल तर त्याने तो पटावर मांडून पाहावा. आणि हे बलिदान आले कुठून? त्याआधीच्या वीस चालींत काळ्याने आपले प्रत्येक मोहरे पांढऱ्याहून चांगल्या घरी नेऊन ठेवले होते. स्टाइनिट्झने सांगितले होते तेच : आधी साठा, मग हल्ला.

शैलीचा हा खोटा सिद्धान्त कागदावरच राहिला असता तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. १९३३ मध्ये जर्मन बुद्धिबळ संघटनेने ज्यूंना बाहेर काढले. लास्करची मालमत्ता जप्त झाली. इंग्लंड, सोव्हिएत संघ असे करत तो न्यू यॉर्कला पोचला आणि १९४१ मध्ये तिथेच वारला. त्याआधी १९३५ च्या मॉस्को स्पर्धेत, वयाच्या ६६ व्या वर्षी, एकही डाव न गमावता तो तिसरा आला होता. १९३६ साली म्युनिकमध्ये जर्मनीने मोठी सांघिक स्पर्धा भरवली. तिथे पहिली आलेली हंगेरी लायोश आणि एंद्रे स्टायनर या ज्यू भावांना घेऊन खेळली, दुसऱ्या आलेल्या पोलंडकडे नायडॉर्फ होता, आणि यजमान तिसरे आले. मग युद्ध आले. दाविद प्शेप्युर्का हा पोलिश बुद्धिबळ संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, उत्तम खेळाडू आणि त्याहून उत्तम कूटरचनाकार. जानेवारी १९४० मध्ये वॉर्सातल्या ज्या कॉफीगृहात खेळाडू जमत तिथून जर्मनांनी त्याला उचलले आणि पुढे पाल्मिरीच्या जंगलात गोळी घातली. ज्या जागांनी ही परंपरा घडवली त्याच जागांतून तिची माणसे नेली गेली. मिगेल नायडॉर्फ वाचला, कारण युद्ध सुरू झाले त्या दिवसांत तो ब्यूनोस आयर्सच्या ऑलिंपियाडमध्ये खेळत होता. बायको, मूल, आई-वडील, भाऊ, मागे राहिलेले कुणी उरले नाही. १९४३ मध्ये त्याने रोसारियोला ४० पटांवर, १९४७ मध्ये साओ पाउलोला ४५ पटांवर डोळे बांधून एकाच वेळी डाव खेळले. एवढा विक्रम वर्तमानपत्रांतून युरोपात पोचेल आणि कुटुंबातले कुणी जिवंत असले तर त्याला आपला पत्ता लागेल, ही त्यामागची आशा होती असे तो पुढे सांगत असे. स्मरणशक्तीचा चमत्कार म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या विक्रमामागे काय होते हे प्रत्येक वेळी सांगायला हवे.

युद्धानंतर केंद्र सोव्हिएत संघात गेले, आणि तिथे माझ्या मुद्द्याला सर्वांत स्पष्ट पुरावा मिळतो. क्रांतीपूर्वी ज्यूंना ठराविक पश्चिम प्रांतांबाहेर सहसा राहता येत नसे. ते निर्बंध १९१७ मध्ये उठले, पाठोपाठ सरकारने बुद्धिबळाला पैसा, मंडळे आणि प्रशिक्षक दिले, आणि एका पिढीत बोट्विनिक, ब्रॉन्स्टाइन, ताल ही माणसे पुढे आली. विद्युत अभियंता असलेल्या बोट्विनिकने लढतीची तयारी प्रयोगशाळेसारखी काटेकोर केली आणि पुढे कार्पोव्ह, कास्पारोव्ह, क्राम्निक हे त्याच्या शाळेत शिकले. त्याला १९६० मध्ये हरवणारा रीगाचा २३ वर्षांचा मिखाइल ताल बलिदानांचा वर्षाव करणारा. गुरुजी आणि वादळ, दोघेही ज्यू. शैलीच्या सिद्धान्ताला आणखी काय उत्तर हवे? पण त्याच राज्याने ब्रॉन्स्टाइनच्या वडिलांना श्रमछावणीत धाडले, आणि १९७७ च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेचा सहविजेता बोरिस गुल्को याने देश सोडायची परवानगी मागितली तेव्हा त्याला सात वर्षे अडवून ठेवले, उपोषणे करायला लावली.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. या माणसांना ज्यू म्हणून एकत्र मांडायचेच कशाला? टाराश १९०९ मध्ये ख्रिस्ती झाला होता. बोट्विनिक स्वतःला सोव्हिएत माणूस मानत असे. फिशरने तर ज्यूंविषयीच्या ज्ञानकोशातून आपले नाव काढा असे १९८४ मध्ये पत्र लिहून बजावले. माणसाला त्याने न निवडलेल्या ओळखीत बांधणे अन्यायाचे आहे, हे मला मान्य आहे. तरी दोन कारणांनी हा शब्द टाळता येत नाही. टाराशने धर्म बदलला तरी १९३३ चा नियम त्याचे आजोबा मोजणारच होता. ज्या नावाने माणसांना वगळले आणि मारले ते नाव इतिहासातून गाळले तर वगळणाऱ्यांचे काम झाकले जाते. आणि दुसरे, सॅम्युएल रेशेव्स्कीसारखे काही जण ही ओळख मिरवत होते. तो शब्बाथला डाव खेळत नसे आणि आयोजकांना वेळापत्रक त्याच्यासाठी बदलावे लागे. मात्र ही ओळख इतिहास सांगण्यापुरती वापरावी, बुद्धिमत्तेचे मोजमाप म्हणून नव्हे.

बुडापेस्टचे लास्लो पोल्गार आणि त्यांच्या पत्नी क्लारा यांनी हा खेळ शिकवता येतो हीच गोष्ट घरात करून दाखवली. प्रतिभा घडवता येते असे म्हणत त्यांनी तिन्ही मुलींना घरीच शिकवले. धाकटी युडिट १९९१ मध्ये १५ वर्षे ४ महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली, फिशरचा विक्रम मोडून, आणि पुढे पुरुषांसह जगातल्या पहिल्या दहांत पोचली. तीन मुली हा पुरेसा मोठा प्रयोग नाही असे म्हणता येईल, पण बुद्धिबळाच्या पुस्तकांनी भरलेल्या त्या घराकडे पाहिल्यावर श्रेय रक्ताला देणे जड जाते. सोव्हिएत संघ फुटल्यावर तिथले शेकडो खेळाडू आणि प्रशिक्षक इस्रायलला गेले आणि २००८ च्या ड्रेस्डेन ऑलिंपियाडमध्ये इस्रायलने रौप्य मिळवले. पण स्टाइनिट्झपासून साठत आलेले ज्ञान तोवर कुणा एका समाजाचे उरले नव्हते. मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातल्या बुद्धिबळ मंडळाला मिखाइल तालचे नाव होते आणि विश्वनाथन आनंद लहानपणी तिथे खेळायला जाई. २०१२ च्या मे महिन्यात मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह कलादालनात त्याने जागतिक विजेतेपदाची लढत दिली ती बोरिस गेलफांड या मिन्स्कमध्ये जन्मलेल्या, इस्रायलकडून खेळणाऱ्या ज्यू खेळाडूशी. बारा डावांनंतर गुण सहा-सहा असे बरोबरीत राहिले. जलद डावांत आनंद अडीच विरुद्ध दीड असा जिंकला.